डावी नळी

ठासणीची बंदूक दुरुस्तीला आली की मी आधी नळीत गज सोडते. तो तळाला टेकला तर नळी रिकामी. दादाने पाठवलेल्या आजोबांच्या जर्मन दुनळीत उजवीकडे गज तळाशी गेला. डावीकडे मात्र चार बोटं वरच अडला. म्हणजे आत जुना बार तसाच भरलेला होता.

हीच बंदूक दादा दर सणाला माझ्यावर रोखायचा. मी दचकले की सगळे हसायचे. "भागूबाई, रिकामी आहे गं ती!" माझ्या लग्नातही त्याने हा खेळ केला आणि सासरीही माझं तेच नाव पडलं.

गजाच्या टोकाला मळसूत्र लावून मी नळी रिती केली. कुजका बोळा निघाला, मग छर्रे, आणि तळाला कोरडी ठणठणीत दारू. चिमूटभर अंगणातल्या फरशीवर ठेवून काडी लावली, तर भस्सकन पेटली. ठासून ठेवलेलं इतकी वर्षं टिकतं याचं मला नवल वाटलं नाही. माझंही टिकलंय.

मग मन लावून काम केलं. अक्रोडी दस्त्याला जवसाचं तेल पाजलं, घोड्याखाली कोरलेल्या हरणांच्या शिंगांतला गंज सुईने काढला. त्या जर्मन कारागिराशी माझं भांडण नाही.

काल दादाचा फोन आला. "काय भागूबाई, झाली का बंदूक?"

"झाली. रविवारी जेवायलाच ये."

ताट मीच वाढणार आहे. मिठाच्या जागी ते छर्रे.