वाढत्या अंगाचा फ्रॉक

शिंपीबुवांनी आयुष्यभर एक नियम पाळला: लहान मुलाचा कपडा वाढत्या अंगाचाच शिवायचा. अंगात सैल, खाली चार बोटं दुमड. एखाद्या आईने कुरकुर केलीच, तर म्हणायचे, "वर्षभराने दुमड उसवायला याल, तेव्हा माझी आठवण काढाल." आणि बायका यायच्याच. त्या उसवण्याचे पैसे शिंपीबुवा घेत नसत. पोर वाढलं, त्याचे कसले पैसे!

लेकीची मुलगी चिमणी मात्र पाच वर्षांची झाली, तरी तिसऱ्या वर्षीचा फ्रॉक घालून हिंडत होती. लेक कौतुकाने म्हणायची, "बाबा, तुमच्या हातचा कपडा टिकतो हं!" बाबा त्या फ्रॉकची न उसवलेली दुमड बोटांनी चाचपायचे.

दोष तरी कुणाला द्यायचा? लेक-जावई दोघंही कारखान्यात, उजाडायच्या आत घराबाहेर. चिमणी शेजारच्या म्हातारीकडे. म्हातारी मायाळू, पण हातपाय थकलेले. पोर रडली की चहात बिस्किट बुडवून द्यायची. चहाने भूक मरायची आणि संध्याकाळी पोर ताटातल्या डाळ-भाजीकडे ढुंकूनही बघायची नाही. शिंपीबुवा दर रविवारी दूध, अंडी घेऊन जायचे, चिऊकाऊचे घास भरवत बसायचे. पण रविवारच्या चार घासांनी का आठवडा निघतो?

"माझ्याकडे ठेव तिला," एकदा त्यांनी म्हणून बघितलं. लेकीचे डोळेच भरले. "बाबा, दिवसभर राबते आणि हिचं तोंड बघायला घरी येते हो मी."

शेवटी चिमणीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "आतापासून नीट खाऊ घाला, फरक पडेल. पण पहिल्या दोन-तीन वर्षांत जे अंगी लागायला हवं होतं, ते सगळं भरून येईलच असं नाही सांगता येत."

पुढच्या रविवारी लेकीकडे मुलगा आणि सूनही आले, आपल्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन. सुनेची आई त्यांच्याकडेच राहायची. ती नातीला वेळच्या वेळी डाळ, भाजी, अंडं भरवायची. पोर कशी ठणठणीत! सुनेने पिशवीतून एक फ्रॉक काढला. "बाबा, हा हिला आखूड झाला. कुणाला द्यायचा असेल तर बघा."

"कुणाला कशाला? चिमणीला होईल की," लेक म्हणाली, आणि लगेच तिच्या अंगात घातलादेखील. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. शिंपीबुवा खाली बसले. खांदे उतरत होते, तिथे त्यांनी टाचण्या लावल्या.

चिमणीने गिरकी घेतली आणि धावत मामाच्या मुलीपाशी गेली. "ताई, बघ ना! तुझा फ्रॉक मला आला!"

सगळे हसले. शिंपीबुवांनी तोंड उघडलं. "अगं वेडे, ताई तू आहेस," एवढंच म्हणायचं होतं. पण ते त्यांना म्हणवेना.