लॅपटॉपच्या कप्प्यातले तांदूळ

काल चाकांची सॅक झटकताना तांदळाचे दोन दाणे पडले आणि मुरबाडचं ते दुकान आठवलं. खांदा दुखतो म्हणून बायकोने नाशिकला लेकीकडे जाणं सोडलं होतं; घरचा नवा तांदूळ नेल्याशिवाय लेकीच्या दारात उभं राहणं तिला पटत नव्हतं. दुकानदार गुळगुळीत लादीवर सॅक फिरवत म्हणाला, "काकू, यात लॅपटॉपचा खास कप्पा आहे." "यो माझा लॅपटॉप," म्हणत तिने सोबत आणलेली तांदळाची पिशवी त्यात कोंबली आणि सॅक ओढत खडीच्या रस्त्याने थेट एसटी स्टँड गाठलं. मागे दुकानदार, त्याच्यामागे मी. "काकू, बॅग अजून दुकानाची हाय!" "मग चाकं मोडली तर तुझीच रे!" चाकं मोडली नाहीत. खांदा न चोळता ती हसत उभी होती. "लेकीला फोन लावा. आमी येतोय." त्या कप्प्याने लॅपटॉप अजून पाहिलेला नाही.