सोनीचा रिपोर्ट शेजारच्या फोनवर आला होता

डॉक्टरांनी सोनीचं पोट चाचपलं आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "गावाहून कधी आलात?"

मी म्हटलं, "कुठलं गाव? मी कोपरखैरण्यातच आहे की."

"मग काल फोनवर तुम्ही साताऱ्याला गेलाय असं कोणी सांगितलं मला? परवा दुपारीपण केला होता फोन, रिपोर्ट आल्या आल्या. हिला पायोमेट्रा आहे. परवाच ऑपरेशनला न्यायला हवी होती."

पायोमेट्रा म्हणजे गर्भपिशवीत पू होणं. नसबंदी न केलेल्या कुत्रीला माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांत हे होऊ शकतं. पिशवीचं तोंड बंद असलं तर बाहेर काहीच दिसत नाही आणि आत विष चढत जातं. हे सगळं मला त्या गुरुवारी वाशीच्या दवाखान्यात कळलं. पण तेव्हा माझं लक्ष त्यात नव्हतंच. दोनदा फोन आला होता आणि मला कोणी हाक मारली नव्हती.

आमच्याकडे तेव्हा फोन नव्हता, नंबर लावून ठेवला होता नुसता. शेजारच्या मंगलताईंकडे होता. आमच्या मजल्यावर सगळ्यांनी त्यांचाच पीपी नंबर दिलेला. फोन आला की ताई दारातून हाक मारायच्या, आपण ओले हात पदराला पुसत धावायचं. माझ्या सासऱ्यांच्या आजारपणाचे फोन त्यांनी कधी चुकवले नाहीत, खोटं कशाला बोलू?

सोनी आमची पॉमेरियन, सात वर्षांची. रविवारी तिने जेवणाला तोंड लावलं नाही, पण पाणी मात्र वाटीमागून वाटी प्यायली. मला वाटलं, उकाडा आहे. तुमच्या घरी कुत्री असेल आणि ती अशी पाणी पीत सुटली, तर उकाड्यावर ढकलू नका एवढंच सांगते.

सोमवारी तिला वाशीला नेलं. डॉक्टरांनी रक्त काढलं, अँटिबायोटिक दिलं. म्हणाले, "रिपोर्ट उद्या येईल. मी फोन करतो, नंबर देऊन जा." मी बिनधास्त मंगलताईंचा नंबर दिला.

मंगळवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. "ताई, डॉक्टरांचा फोन आला का हो?" त्या डाळ निवडत होत्या. "नाही गं. आला तर सांगणार नाही का मी? टेन्शन नको घेऊस. आणि उद्या सकाळी लवकर ये हां, पुरण वाटायचंय."

बुधवारी त्यांच्या पोरीचा साखरपुडा होता. आमच्याकडे कार्य कोणाचंही असो, पोळ्या मजल्यावरच्या बायकाच लाटतात, आणि पुरणपोळी म्हटलं की माझं नाव. औषधाने सोनीला बुधवारी जरा हुशारी आल्यासारखी वाटली, म्हणून मी गेले. नाक्यावरच्या बूथवरून डॉक्टरांना एक फोन करावा, एवढं मला सुचलं नाही. याचा राग मला आजही येतो, तो माझा मलाच.

मी पोळपाटाशी बसले होते. बाहेरच्या खोलीत फोन वाजला. ताई हळू आवाजात काहीतरी बोलल्या आणि आत आल्या. मी विचारलं, "कोणाचा हो?"

"राँग नंबर," त्या म्हणाल्या आणि माझ्यापुढे आणखी एक गोळा ठेवला.

गुरुवारी सकाळी सोनी उठलीच नाही. पोट टम्म, हिरड्या पांढऱ्या फटक. तशीच उचलून रिक्षाने वाशीला आणली, आणि तिथे डॉक्टरांनी मला गावाहून कधी आले ते विचारलं.

त्यांच्याकडे ऑपरेशनची सोय नव्हती. मी म्हटलं, इथेच जवळपास कुठेतरी करू, लांब नेलं तर वाटेतच जाईल ती. ते ओरडलेच माझ्यावर. "जवळ काय आहे ते बघू नका. आज सर्जन कुठे हजर आहे ते बघा." जवळच्या दवाखान्यात सर्जन फक्त शनिवारी यायचे. मग त्यांनी खाडीपलीकडे मुंबईच्या जनावरांच्या मोठ्या इस्पितळात फोन लावला. सर्जन आहेत का, भूल देणारं कोणी आहे का, ऑपरेशननंतर ठेवून घ्याल का, असं तीनदा खुंटा हलवून विचारलं आणि मगच आम्हाला जायला सांगितलं.

आमचे हे कांदा-बटाटा मार्केटात मापाडी. त्यांनी ओळखीचा टेम्पो आणला. डॉक्टरांनी सोनीला सलाईन लावलं, तोंडाला बँडेजची पट्टी सैलसर बांधली, कारण दुखत असलं की घरचं जनावरही चावतं. खायला-प्यायला काही द्यायचं नाही असं बजावलं. माज कधी येऊन गेला, औषध कुठलं, कधी दिलं, ते कागदावर लिहून घेतलं. मी गोणपाटावर बसून सलाईनची बाटली उंच धरली होती. खाडीपूल ओलांडेपर्यंत तिचा श्वास मोजत होते आणि मनात मंगलताईंना वाट्टेल ते बोलत होते.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि सरळ आत घेतली. जाताना म्हणाल्या, "वाचेलच असं सांगत नाही. उशीर झालाय." बाकावर यांनी माझा हात धरला. यांनी बाहेर माझा हात धरायची ती पहिलीच वेळ.

दोन तासांनी बाई बाहेर आल्या. "पिशवी काढली. फुटायच्या बेतात होती. आता किडनीवर काय परिणाम झालाय ते बघू."

सोनी चार दिवस तिथे होती. वाचली. किडन्या मात्र अधू झाल्या, पथ्य कायमचं लागलं. पुढे जेमतेम वर्षभर जगली. त्या बाईंचे आणि वाशीच्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

सोनी घरी आली त्या दिवशी मंगलताई साखरपुड्याचे पेढे घेऊन दारात आल्या. मी सरळ विचारलं, "मी गावाला गेले असं का सांगितलंत?"

त्या जरा गडबडल्या, पण कबूल झाल्या. "अगं, तू तिला घेऊन दवाखान्यात पळाली असतीस. ऐन वेळी पोळ्या कोणी केल्या असत्या? व्याही जेवायला यायचे होते. एका दिवसाने काय होतंय, असं वाटलं मला. आणि वाचली ना शेवटी? मग राग कसला?"

"वाचली ती डॉक्टरांमुळे. तुम्ही तिला मारलीच होती."

"एका कुत्रीपायी बोलणं तोडणार तू माझ्याशी?"

माझा आवाज चढला. मजल्यावरची दारं उघडली, उघडू देत. "कुत्रीपायी नाही ताई. डॉक्टर तिच्या जिवासाठी फोनवर होते, आणि मी तुमच्याच घरात, तुमच्याच पोरीच्या पोळ्या लाटत होते. तुम्ही केसाने गळा कापलात माझा."

पेढ्यांचा बॉक्स मी घेतला नाही. दार लावून घेतलं आणि सोनीच्या औषधाची वेळ झाली होती, ते द्यायला गेले.