मालुबाईचं 'येऊ का'

परशराम बेलीफाच्या पायाला भिंगरी होती. बेळगावच्या कोर्टाची समन्सं घेऊन तो उभ्या तालुक्यात हिंडला, आणि पेन्शन लागल्यावरही त्याला घरात बसवेना. कारण साधं होतं. त्यानं दिलेला कागद हातात धरून लोक विचारायचे, "ह्यात काय लिवलंय, आप्पा?" आणि ते सांगणं बेलीफाचं काम नव्हतं. तो अंगठा घ्यायचा नि पुढच्या दाराला लागायचा. 'सदरहू' आणि 'मजकूर' यांच्या रानात सोडून दिलेली ती माणसं आता त्याला आठवत राहायची.

म्हणून तो आपल्या काकती गावच्या देवळाच्या कट्ट्यावर बसू लागला. बसू लागला म्हणजे येरझाऱ्या घालू लागला. कुणीही कागद आणावा, त्यानं तो घरच्या भाषेत फोडून सांगावा, आणि चहासुद्धा घेऊ नये. फुकट सांगतोय म्हणजे काहीतरी डाव असणार, असं पहिलं वर्षभर गावाला वाटलं. मग मालुबाईची वाट अडली.

मालुबाई विधवा, स्वभावानं मऊ. तिच्या भाताच्या शेताला जायची वाट नागोजीच्या घरामागच्या परड्यातून होती. सासूच्या काळापासून त्या घरच्या बाया तिथूनच जात. यंदा नागोजीनं तिथं बाभळीच्या काट्या टाकल्या. वाट गेली की शेत आज ना उद्या त्याच्याच घशात जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं, म्हणून ती रडत कट्ट्यावर आली.

"रडू नगंस, ऐक," परशराम म्हणाला. "दुसऱ्याच्या जागेतनं वीस वर्सं उघड, हक्कानं, खंड न पाडता गेलीस, तर जायाचा हक्क तुझा. जागा त्येची, जाणं तुझं. पण त्येच्या परवानगीनं जात हुतीस असं निघालं, तर सगळं संपलं."

"परवानगी कसली? वाट हाय म्हणून जातोय."

"हेच बोलायचं. कोर्टात 'नागोजी अण्णांची मेहेरबानी' असलं कायबी तोंडातनं काढायचं न्हाय!"

दावा लागला. तारखेपर्यंत परशरामाचं अन्नावरचं लक्ष उडालं. पाणवठ्यावर, बाजारात, दिसेल तिथं तो तिला गाठायचा: "मेहेरबानी म्हणायचं न्हाय!" बिचारी मान हलवायची.

तारखेला ती पिंजऱ्यात उभी राहिली आणि मेहेरबानीचा म सुद्धा काढला नाही. नागोजीचा वकील मात्र तुपात घोळल्यासारखा गोड बोलत होता.

"बाई, परड्यातून जाताना नागोजींशी बोलत होता?"

"व्हय. बरं हाय का इचारत हुतो. मग 'येऊ का, अण्णा' म्हणत हुतो."

"ते काय म्हणायचे?"

"'या' म्हणायचे."

"पाहा साहेब! ही रोज विचारायची, ते रोज परवानगी द्यायचे."

परशरामानं कपाळावर हात मारला. मेहेरबानीची भोकं बुजवली आणि दरवाजा उघडाच राहिला! वकील काही विलायतेत वाढला नव्हता, त्याच्या आईनंही शेजारणीचा निरोप असाच घेतला असेल. पण फी घेतली की मायबोली विसरता येते. कारकुनानं इंग्रजीत लिहून टाकलं, परवानगी मागत असे.

जज्जसाहेब धारवाडकडचे होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "न बोलता, तशीच कधी गेलात का?"

"न बोलता?" मालुबाईला खरंच नवल वाटलं. "असं कसं जाईन, साहेब? माणूस समोर हाय की."

परशराम ताडकन उठला. शिपायानं त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं. ज्याला इथं तोंड उघडायचा हक्क नाही त्याला कायदा ठाऊक असून काय उपयोग, असं वाटून त्याला स्वतःचीच चीड आली.

"झालं बाई, उतरा," जज्ज म्हणाले.

मालुबाईनं पदर सावरला, हात जोडले. "येऊ का, साहेब?" म्हणाली आणि पाठ फिरवून चालू लागली.

"थांबा!" जज्जसाहेबांचा टाक हवेतच राहिला. "मी 'या' कुठं म्हटलं?"

ती गोंधळली. "तुमी कशाला म्हणाय पायजे? मी निगालोच की!"

कोर्ट खदखदून हसलं. जज्जसाहेबही हसले. "आमच्या घरीही जाताना कानडीत 'बरतीनि', म्हणजे 'येतो', म्हणूनच उठतात," ते वकिलाला म्हणाले, आणि कारकुनाकडे वळले. "ते खोडा. निरोप घेत असे, असं लिहा."

वाट मालुबाईची ठरली. निकाल ऐकल्यावर तरी परशरामानं स्वस्थ बसावं की नाही! तो तिच्या मागं मागं गावापर्यंत आला. "आक्का, आता त्या माणसाला 'येऊ का' म्हणू नगंस. परत कायतरी खुसपट काढंल."

"वाट गावली म्हणून माणसाशी बोलायचं सोडू व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी परशराम परड्याशी येऊन उभा राहिला. नागोजी खाली मान घालून काट्या उचलत होता. मालुबाई कोयता घेऊन आली, नेहमीसारखी क्षणभर थांबली.

"येऊ का, अण्णा?"

नागोजीनं मान वर केली. तोवर ती बांधापर्यंत पोचली होती.