नऊ मिनिटांनी मोठी

आमच्या घरी जीन्सचे धागे कापायचं काम चालायचं. उल्हासनगरच्या कारखान्यांतून शिवलेल्या पँटांची गाठोडी यायची. आई आणि आम्ही दोघी बहिणी जमिनीवर बसून शिलाईतून लोंबणारे धागे छोट्या कात्रीने कापायचो आणि समोर टीव्ही चालू असायचा. अंबरनाथ पश्चिमेला दोन खोल्या, पप्पा एका केमिकल कंपनीत फिटर. आम्ही जुळ्या. इतक्या सारख्या, की शाळेतल्या बाईंनी ओळखायची खटपट सोडून दिली होती. चूक कुणाचीही असो, जी हाताशी येईल तिला त्या ओरडायच्या.

अकरा वर्षांच्या असताना एका रविवारी दुपारी हिंदीत डब केलेला एक परदेशी सिनेमा लागला होता. त्यातली श्रीमंत बाई एका शास्त्रज्ञाकडून स्वतःसारखीच हुबेहूब दुसरी बाई बनवून घेते आणि तिला घराच्या तळघरात ठेवते. जिथे जायचा कंटाळा येईल तिथे तिला पाठवते. सासूच्या मयताला तिला पाठवते, नवऱ्याच्या कंटाळवाण्या मित्रांसमोर बसायला तिला पाठवते. शेवटी त्या श्रीमंत बाईच्या गाडीखाली माणूस मरतो तेव्हा कोर्टातही ही दुसरीच उभी राहते. ती ओरडते, "मी ती नाही." न्यायाधीश विचारतात, "मग तू कोण आहेस?" आणि तिला काही सांगता येत नाही.

माझी बहीण रडायला लागली. मी आईला विचारलं, "आमच्यात आधी कोण झालं?"

"तू. नऊ मिनिटं आधी," आई म्हणाली.

"म्हणजे मी ओरिजिनल. ही माझी कॉपी."

आई हसली. खूप नाही, हातातला धागा तोडता तोडता जेवढं हसता येतं तेवढं. तेवढं मला पुरलं.

संध्याकाळी पप्पा आले तेव्हा बहिणीने त्यांना विचारलं, "पप्पा, कॉपीला आत्मा असतो का?" आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, त्यामुळे आत्म्याची फारशी सोय नव्हती. पप्पा म्हणाले, "आत्माबित्मा काही नसतं. दोघींना भूक लागते ना? दोघींना लागलं तर दुखतं ना? मग झालं. दोघी सारख्या." त्यांच्या लेखी विषय संपला. ते हातपाय धुवायला मोरीत गेले आणि मी बहिणीच्या कानात सांगितलं, "त्यांना माहीत नाही. कॉपीने ऐकलं नाही तर तिला बंद करून टाकतात. बल्ब करतात तसं."

तिने विश्वास ठेवला. ती आधीपासूनच तशी होती. मला शंका यायची तिथे तिला भीती वाटायची.

मग खेळ सुरू झाला. खेळ हा शब्द मी तेव्हा वापरायचे म्हणून वापरते. माझ्या वाट्याचं पाणी तिने भरायचं, माझ्या वाटणीच्या पँटांचे धागे तिने कापायचे. मला 'ताई' म्हणायचं. तिच्या ताटातली भाकरी मी उचलली तर बघायचंही नाही. आईला दिसत होतं. आईला वाटायचं, धाकटी कामसू आहे.

त्याच वर्षी शाळेत धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला नर्सबाई आल्या. मला सुईची भयंकर भीती. व्हरांड्यात रांग लागली होती. बहिणीने स्वतःचं इंजेक्शन घेतलं आणि दंड चोळत परत आली. मी तिला म्हटलं, "आता माझं." ती माझ्याकडे बघतच राहिली. मी म्हटलं, "बंद करू का?"

ती पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली. माझं नाव सांगितलं आणि दुसरा दंड पुढे केला. मी खांबाआडून बघत होते. सुई टोचताना तिने डोळे मिटले नाहीत, ती माझ्याकडे बघत होती. दोन दिवस ती तापाने फणफणली होती. दोन्ही दंड सुजले. आई पट्ट्या ठेवत मला म्हणाली, "बघ, तुला काही झालं नाही. हीच नाजूक." मी मान डोलावली. मला वाईट वाटलं असं लिहायचा मोह होतो, पण तसं झालं नव्हतं. मला मजा वाटली होती. दुसरं शरीर हाताशी असण्यासारखी चैन नसते.

पुढे कधीतरी तिचा त्या बंद करण्यावरचा विश्वास उडाला. वयच तसं होतं. पण सवय सुटली नाही, तिची ऐकण्याची आणि माझी सांगण्याची.

मोठेपणी मी अशा विषयाचे बरेच सिनेमे पाहिले, मोबाईलवर, एकटीने. सगळ्यांत एकच प्रश्न घोळवतात, कॉपी माणूस आहे की नाही. शेवटी ती माणूस आहे असं ठरतं आणि बघणारे डोळे पुसतात. माझ्या लक्षात आलं की या सिनेमांत मूळ माणूस नेहमी फार श्रीमंत, फार लांबचा दाखवतात. त्यामुळे बघणारा प्रत्येक जण कॉपीच्या बाजूला जाऊन बसतो. आपण तळघराच्या वर राहतो असं कुणालाच वाटत नाही. मी मात्र दोन खोल्यांच्या घरात, चुलत्याने दिलेला फ्रॉक घालून, वरच राहत होते.

बहिणीने लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि उल्हासनगरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली. दिवसभर ती लोकांच्या दंडात सुया टोचायची. तिचा हात फार हलका आहे असं लोक म्हणायचे. मी बी.कॉम. होऊन बदलापूरला एका बिल्डरच्या ऑफिसात फ्लॅट दाखवायचं काम करत होते. आम्ही पंचविशीत होतो. माझं लग्न जमून मोडलं होतं. मुलाकडच्यांनी कारण दिलं नाही, त्यामुळे कारण माझ्यातच शोधत मी घरभर चिडचिड करत फिरायचे.

त्या दिवसांत बहिणीने मला सांगितलं की तिला एक मुलगा आवडतो. सिंधी होता. घरचं पडद्याच्या कापडाचं दुकान. आईची शुगर तपासायला महिन्याला लॅबमध्ये यायचा. तो बोलताना अडखळायचा. एखादा शब्द ओठांवर अडला की त्याची मान ताठ व्हायची, डोळ्यांत पाणी यायचं. लोक शब्द सुचवून मोकळे व्हायचे. "मी थांबते," बहीण म्हणाली. "त्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत मी नुसती थांबते. त्याला तेच आवडलं." मग म्हणाली, "आई-पप्पांना इतक्यात नको सांगूस. तुला सांगितलं म्हणजे कुणालाच न सांगितल्यासारखं आहे."

ती हे प्रेमाने म्हणाली होती. मला ते टोचलं.

एकदा ती आंघोळीला गेली असताना तिचा फोन वाजला. मी उचलून समोर धरला आणि तो उघडला. माझ्या तोंडाकडे बघून उघडला. मी चकित झाले, मग हसले. त्यानंतर तीनेक आठवडे मी रोज तिचे मेसेज वाचत होते. तो लिहिताना अडखळत नसे. लांबलचक, सुंदर लिहायचा, अर्धं हिंदी, अर्धं मराठी. तिला तो 'ठहराव' म्हणायचा. असं मला कधी कुणी काही म्हटलं नव्हतं.

एका सकाळी मी तिच्या फोनवरून लिहिलं, "आपण थांबूया. मला हे नको आहे." त्याचं लगेच उत्तर आलं, "सामने बोल." मी लिहिलं, "आज पाच वाजता, ज्यूसवाल्याकडे." ते कुठे भेटतात हे वाचून मला पाठच होतं. मग ते सगळे मेसेज तिच्या फोनवरून पुसले. तिची संध्याकाळी सातपर्यंत ड्युटी असते हे मला माहीत होतं, आणि त्या दिवशी लॅबमध्ये तपासणी असल्याने तिचा फोन कपाटात बंद राहणार हेही.

मी तिचा निळा कुर्ता घातला. केस तिच्यासारखे मागे बांधले.

तो आधीच येऊन बसला होता. साधा, जरा जाड, शर्टाच्या खिशाला पेन. मला पाहून उभा राहिला. "क्या ह-हु... हु..." शब्द अडला. मान ताठ झाली. इथे थांबायचं असतं, हे मला माहीत होतं. मी थांबले नाही.

मी म्हटलं, "हेच. हेच मला नको आहे. तुझं एक वाक्य संपेपर्यंत माझं अर्धं आयुष्य जाईल. इतके दिवस मला तुझी दया येत होती. आता कंटाळा आलाय."

त्याने तोंड उघडलं आणि एकही शब्द बाहेर आला नाही. ज्यूसवाल्याचा मिक्सर थांबला होता, त्यामुळे बाजूच्या बाकावरच्या दोघांनी सगळं ऐकलं. त्यातला एक हसला. मी ग्लासातला मोसंबीचा ज्यूस पूर्ण पिऊन निघाले. हे मला का आठवतं माहीत नाही, पण मी तो पूर्ण प्यायले.

त्याने बहिणीला सगळीकडून ब्लॉक केलं. तिला तीन दिवस काही कळेना. चौथ्या दिवशी ती त्याच्या दुकानात गेली. तो आत होता, बाहेर आला नाही. त्याची आई गल्ल्यावरून उठून म्हणाली, "और क्या सुनाना बाकी है? ज्यूसवाले के सामने सब बोल दिया ना तूने? मेरा बेटा तीन दिन से मुँह नहीं खोल रहा."

बहीण तिथेच उभी राहिली आणि तिला उमगलं. हे तिने मला नंतर सांगितलं नाही, पप्पांना सांगितलं.

ती घरी आली तेव्हा आई आणि मी जेवायची पानं घेत होतो. पप्पा रिटायर झाले होते, ते खाटेवर पेपर वाचत होते. ती दारातच म्हणाली, "माझा चेहरा घेऊन गेली होतीस तू."

मला नाकारता आलं असतं. पण मला नाकारायचं नव्हतं. "चेहरा माझा आहे," मी म्हटलं. "मला आधी मिळालाय."

आईने खोदून खोदून विचारलं. सगळं कळल्यावर म्हणाली, "झालं ते एका परीने बरंच झालं. सिंध्यांच्या घरात आपली पोरगी नांदली असती का? बहिणीने बहिणीचं भलंच बघितलं."

पप्पांनी पेपर बाजूला ठेवला. मला वाटलं, आता मारतील. त्यांनी कधीच हात उचलला नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चपला घातल्या आणि बहिणीला म्हणाले, "चल. मी येतो तुझ्याबरोबर. त्याला खरं काय ते सांगू."

ते दोघं गेले. दुकानाच्या मागच्या खोलीत पप्पांनी त्याला सगळं समजावून सांगितलं. आपल्याला जुळ्या मुली आहेत, जे बहिणीने त्याला कधी सांगितलं नव्हतं, आणि त्या दिवशी आलेली दुसरी होती. त्याने ऐकून घेतलं. विश्वासही ठेवला. तो म्हणाला, त्या दिवशीच त्याला वाटलं होतं की ही थांबत का नाही. बहिणीला आशा वाटली. मग तो बराच वेळ घेऊन म्हणाला, "तू वो नहीं है, मा-मालूम है. पण तुझ्याकडे बघितलं की तेच ऐ... ऐकू येतं. मैं क्या करूँ?"

ती शेवटपर्यंत थांबली, पप्पा म्हणाले. वाक्य पूर्ण होऊ दिलं आणि मग उठली.

त्या महिन्यातच तिने बदलापूरला, हेंद्रेपाड्यात, भाड्याने खोली घेतली. केस कानापर्यंत कापले, गरज नसताना जाड फ्रेमचा चष्मा घेतला, नाक टोचून घेतलं. माझं पुढे लग्न झालं, मुलगी झाली. ती लग्नाला आली नाही. पप्पा दर रविवारी तिच्याकडे जायचे आणि तिथे काय बोलणं झालं ते कधी सांगायचे नाहीत. पप्पा गेले तेव्हा ती आली, पुण्यानुमोदनाला मागच्या रांगेत बसली. माझी चार वर्षांची मुलगी धावत जाऊन तिच्या मांडीत शिरली. लहान पोरांना चष्मा आणि केस फसवत नाहीत. बहिणीने तिला अलगद उचलून जमिनीवर उभं केलं आणि म्हणाली, "तुझी आई ती. तिकडे जा." आवाज रागाचा नव्हता. लॅबमध्ये पेशंटला पुढचं काउंटर दाखवतात तसा होता.

यंदा मी तिच्याकडे गेले. माफी मागायला गेले असं मी नवऱ्याला सांगितलं. खरं तर तिने माफ केलं तर माझं ओझं उतरेल, म्हणून गेले होते. तिच्या बिल्डिंगचा जिना चढून दुसऱ्या मजल्यावर बेल वाजवली. तिने साखळी न काढता दार उघडलं. चष्मा नव्हता. इतक्या वर्षांनी त्या फटीत मला माझंच तोंड दिसलं, माझ्यापेक्षा शांत.

"मला बोलायचंय," मी म्हटलं.

"बोल."

माझ्याकडे पाठ केलेली वाक्यं होती. मी त्यातलं पहिलं सुरू केलं. "मी तेव्हा लहान होते..."

"पंचवीस वर्षांची होतीस," ती म्हणाली.

मी पुढचं वाक्य शोधत राहिले. ती थांबली नाही. दार लावून घेतलं.

मी खाली उतरले. पहिल्या मजल्यावर एक म्हातारी बाई दारात भाजी निवडत बसली होती. मला पाहून तिचा चेहरा खुलला. "आज चष्मा नाही लावलास, बाई? आणि केस इतके कधी वाढले?"

तिने भाजीचं ताट बाजूला सरकवलं.

"अगं, उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त घ्यायला येशील ना? तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला मी हात लावू देत नाही."

फक्त 'मी ती नाही' एवढंच म्हणायचं होतं. त्या बाईच्या नजरेत इतकी माया होती, आणि ती मला हवी होती.

"येते," मी म्हटलं. "सात वाजता." आणि जिना उतरले.