मिटलेला डावा डोळा

"डावा डोळा कधीपासून असा आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"असा म्हंजे? चांगला हाय की," मी म्हणालो. "कामाला बसलो की मीच मिटतोय त्याला."

त्यांनी माझ्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि समोर काय दिसतं ते सांगा म्हणाले. मी म्हणालो, "दिवा का घालवलासा?"

"दिवा चालूच आहे," डॉक्टर म्हणाले.

कोल्हापुरात महाद्वार रोडला लागून असलेल्या एका बोळात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. गोष्ट सत्तरच्या दशकातली, चावीच्या घड्याळांच्या काळातली. माझं वय तेव्हा चव्वेचाळीस. उजव्या डोळ्याला भिंग लावायचं आणि डावा मिटून घ्यायचा, अशी माझी बैठक. वीस वर्षं मी दिवसभर हेच केलं. डाव्यातून दिसायचं कमी होत गेलं, ते मला कळलंच नाही. तिळाएवढा स्क्रू चिमट्यात अचूक धरायचो, त्यामुळे नजरेचा तोरा मात्र मोठा होता.

खुणा नव्हत्या असं नाही. चहाचा ग्लास डावीकडे ठेवला की माझ्याच कोपरानं सांडायचा आणि मी चहावाल्यावर खेकसायचो. दाराच्या चौकटीवर डावा खांदा आपटायचा. बायको मालती म्हणायची, "अवो, डाव्या अंगाला तुमचं ध्यानच नसतंय की." मी तिलाच झापायचो. शेवटी सायकलवरून एका म्हाताऱ्याला धडकलो, तेव्हा तिनं माझं काही न ऐकता मला दवाखान्यात नेलं.

आजाराचं नाव ग्लॉकोमा, आपल्याकडे काचबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं ते असं. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं आणि झिरपून बाहेर जातं. ती वाट अडली की आतला दाब वाढतो. त्या दाबानं ऑप्टिक नर्व्ह, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस, हळूहळू मरते. नजर कडेनं जात जाते, मधली बराच काळ टिकते. माझ्यासारख्याला दुखत नाही, खुपत नाही, म्हणून पत्ताच लागत नाही. दाब मोजायला त्यांनी मला आडवं झोपवलं, डोळा बधिर केला आणि त्यावर टोनोमीटर नावाचं काट्याचं छोटं यंत्र टेकवलं. आयुष्यभर मी काटे बघत आलो, पण त्या काट्याची मला भीती वाटली.

"डाव्याची नजर परत येणार नाही," ते म्हणाले. "उजव्याच्याही कडा गेल्यात. राहिलंय ते राखू."

घरी येऊन मी मालतीसमोर रडलो. उजवाही गेला तर मी काय करणार होतो?

पायलोकार्पिनचे थेंब सुरू झाले, दिवसातून चार वेळा. त्यानं बाहुली बारीक होते. दुकान अंधारल्यासारखं दिसायचं, भुवईवर ठणका लागायचा. त्यात लग्नसराई आली, घड्याळांचा ढीग पडला. काम नीट दिसावं म्हणून मी पंधरा दिवस थेंबच घातले नाहीत. हा शहाणपणा मला नडला. पुढच्या तपासणीत दाब भलताच चढलेला निघाला. डॉक्टर रागावले नाहीत, थेट ऑपरेशनचं बोलले. पाणी बाहेर जायला नवी वाट काढून द्यायची होती.

ऑपरेशननंतर उजव्यावर पट्टी बांधली. डावा तर कामाचाच नव्हता. चार दिवस पूर्ण अंधार. दवाखान्याच्या भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाची टिकटिक लंगडत होती. घड्याळ तिरकं टांगलंय, हे मला पडल्या पडल्या कळत होतं.

माझा थोरला भाऊ, दादा, मुरगूडहून सोबतीला आला होता. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, सख्ख्या भावंडांना धोका जास्त असतो, तपासून घ्या. दादा उसळला, "मला काय धाड भरलीया? बांधावरनं पल्याडचा ससा दिसतोय मला!"

हा तोरा माझ्या ओळखीचा होता. मी म्हणालो, "दादा, मलाबी तिळाएवढा स्क्रू दिसत हुता."

त्याची पावलं तपासणीच्या खोलीकडे गेलेली मला ऐकू आली. दुपारी खाटेवर येऊन टेकला आणि त्यानं माझा हात धरला. "दाब वाढलाय म्हणत्यात," तो म्हणाला. "पर नजर अजून साबूत हाय."

पट्टी निघाली. डॉक्टरांनी बोटं दाखवली, दोन होती. त्यांच्या मागच्या भिंतीवर घड्याळ डावीकडे कललेलं दिसलं.

"दादा, त्ये घड्याळ सरळ कर की," मी म्हणालो. दादा स्टुलावर चढला. त्याचे डोळे पुसायचे राहून गेले होते.

त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरलो नाही. दुरुस्त घड्याळ परत देताना मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगू लागलो, पावणं, एक डोळा झाकून काटे बघा, मग दुसरा झाकून बघा. पुष्कळांना मी चक्रम वाटलो. तुम्हीही झाकून बघा, पण तेवढ्यावर निश्चिंत राहू नका. सुरुवातीला यातून काही कळत नाही. दाब डॉक्टरांकडूनच मोजून घ्या, घरात कुणाला काचबिंदू असेल तर आजच. आणि थेंब चुकवू नका.

दादानं कधी चुकवले नाहीत. मुरगूडला गेलो की तो मला बांधावर नेतो, खांद्याला धरून उजवीकडे वळवतो आणि हात करून म्हणतो, "त्यो बघ ससा."

मला दिसत नाही. त्याला दिसतो.