उंबऱ्याबाहेरची नंदाबाई

घनसावंगीपसून जीपनं थोडं आत गेलं की आमचं गाव. तिथं लग्न ठरलं की पत्रिका छापायच्या आधी नंदाबाईला निरोप जायचा, येसर करायचंय म्हणून. गहू, हरभऱ्याची दाळ, धने, मिरच्या, सगळं येगयेगळं भाजायचं, उखळात कांडायचं न् त्याची आमटी लग्नाला उकळायची. ती आमटी नसली तं म्हातारी माणसं जेवलोच न्हाई म्हणून उठायची.

पण नंदाबाईचा हात त्या उखळाला कधी लागला न्हाई. नवरा लवकर गेल्ता, लेकरू न्हाई, भावाच्या घरामागं एक खोली. मुहूर्ताचं येसर सवाष्णींनी न् नवरीनंच कांडायचं. मंग ती उंबऱ्याच्या बाहेर पाट घेऊन बसायची न् तिथूनच सांगायची, "धने तडतडले का? आता जाळ वढ मागं. अगं ए, मिरची जळून राह्यली! मला इथं ठसका लागला, तुला आत कळंना का?"

ऐकून ऐकून गावातल्या सगळ्या पोरी शिकल्या. कोणी आष्टीला दिली, कोणी भोकरदनला. जातानी येसर घेऊन गेल्या. बाकीच्या गावात दुकानातले येसराचे पुडे आले. आमच्या पोरींनी पुडा घरात येऊ दिला न्हाई.

मागच्या उन्हाळ्यात भावाच्या पोरीचं, आकांक्षाचं लग्न निघालं. ही पोरगी नंदाबाईच्याच मांडीवर वाढलेली. ह्या बारीला आत बोलवतील, असं नंदाबाईला लई वाटलं. कोणाला बोलली न्हाई. ठेवणीतलं लुगडं नेसली न् मागच्या दाराच्या उंबऱ्याबाहेर येऊन बसली.

भाजून झालं. आकांक्षानं उखळात मूठ टाकली न् हाक मारली, "आत्या, ये ना आत. पहिलं मुसळ तू मार."

नंदाबाईनं भावजयीकडं पाह्यलं. दैवशाला दाळ पाखडून राह्यल्ती. तिनं मान वर केली न्हाई. सुपाचा आवाज तेवढा मोठा झाला.

"गुडघे धरले माह्ये," नंदाबाई म्हणली. "मला इथून बराबर दिसतंय. नवरीनं जास्त बोलू न्हाई. हात चालव."

"असं गोंजारून मारती का मुसळ?" शेजारची उषाबाई म्हणली. "नवऱ्याचे पाय दाबून राह्यली का काय?"

सगळ्या हसल्या. नंदाबाईबी हसली.

कांडून, चाळून डब्यात भरलं, तवर कासार आला. हिरव्या बांगड्या भरायला सगळ्या पुढं ओसरीवर पळाल्या. तिथंबी नंदाबाईचं काम न्हवतं.

ती बसून राह्यली. मंग उठली, न् उंबरा वलांडून आत गेली. उखळाच्या बुडाला थोडं येसर चिकटलेलं व्हतं. तिनं मुसळ उचललं, हळूच टाकलं. परत टाकलं. तिसऱ्याला जोरात पडलं.

"कोण कांडून राह्यलं गं आत?" ओसरीवरून दैवशालाचा आवाज आला.

नंदाबाईचा हात वरच्या वर थांबला.

"मांजर असंल," आकांक्षा म्हणली.

"मांजर मुसळ उचलतं व्हय?" उषाबाई.

मंग दैवशाला म्हणली, "असंल मांजर. कासारदादा, घ्या, दुसरा हात भरा."

नंदाबाईनं मुसळ भिंतीला लावलं. बुडाचं येसर बोटावर घेऊन जिभेवर ठिवलं. बराबर झाल्तं, तिनं सांगितलं तसंच. ते कोणाला तरी सांगायला तिनं मागं वळून पाह्यलं. उंबऱ्याबाहेर तिचा पाट तेवढा व्हता.